टोल्याकडची चावी

आमच्या संयुक्त पाणीपुरवठा समितीला अधिकार पुष्कळ आहेत. पाणीपट्टी ठरवणे, ती वसूल करणे, न भरणाऱ्याचा नळ तोडणे, नळाला लावलेली मोटर जप्त करणे, पंपचालक नेमणे व काढणे, बँकेत स्वतःचे खाते ठेवणे. मी अध्यक्ष झालो तेव्हा हे सर्व अधिकार पहिल्याच बैठकीत वाचून दाखवले. उपस्थितांनी शांतपणे ऐकून घेतले. मग मागून एकाने विचारले, "चहा कोनाकडून आहे?"

आमचे गाव आलापल्लीहून सूरजागडच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. धान पिकवणारी, थोडा कापूस लावणारी कुटुंबे. रस्ता ओलांडून सागाच्या जंगलातून पुढे गेले की टोला, म्हणजे लहान आदिवासी वस्ती, लागतो. तेथील लोक शेती करतात, मोहफूल आणि तेंदूपान गोळा करतात व आपले देव आपल्या रीतीने मानतात. योजना दोन्ही वस्त्यांची मिळून आहे. नदीकाठी विहीर, तिच्यावर पंप, आमच्या गावात उंच टाकी. टाकीतून एक पाइप आमच्या घरांकडे येतो. दुसरा टोल्याकडे जायचा होता. तो तेव्हा केवळ नकाशावर होता.

मी आलापल्लीच्या लाकूड आगारात हिशेबाचे काम करून निवृत्त झालो. सरकारी सागवान ज्याने मोजले तो पाणीही सांभाळेल, असे गावाला वाटले असावे. मला ते पद नको होते. परंतु मी घरी बसलो की पत्नीला कामे सुचत, म्हणून स्वीकारले.

योजना सरकार बांधून देते, चालवायची गावाने. विजेचे बिल, पंपचालकाचा पगार, ब्लीचिंग पावडर, फुटलेल्या पाइपाची दुरुस्ती, हा सर्व खर्च पाणीपट्टीतून भागवायचा. पाणीपट्टी बारमाही येत नाही. धान विकला की येते, तेंदूपानाचे पैसे हाती पडले की येते. विजेचे बिल दर महिन्याला येते. या दोहोंच्या मधले दिवस पार पाडणे, एवढेच अध्यक्षाचे काम.

थकबाकीदाराचा नळ तोडण्याचा अधिकार समितीने कधीच वापरला नव्हता. त्याचे कारण पंपचालक. तो गावाचा जावई. लग्नानंतर सासऱ्याच्या घरीच राहिला, वीजकाम शिकला आणि समितीने त्याला नेमले. जावयाला गावात कोणी रागावत नाही, आणि जावई सासुरवाडीचा नळ तोडत नाही. नियमावली लिहिणाऱ्यांनी या नात्याचा विचार केलेला नव्हता. एकदा मी त्याला एका घरचा नळ तोडण्याचा लेखी आदेश दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत दिला.

"बाबूजी, ते माह्या सासूची मावशी लागते. नळ तोडला तं मले जेवाले कोन देईन?"

"जेवण महत्त्वाचे की योजना?"

"जेवन," तो म्हणाला आणि पंप सुरू करायला गेला.

उन्हाळ्यात आमच्या गावातील निम्मी घरे नळाला टिल्लू लावत. टिल्लू म्हणजे पाणी ओढणारी लहान मोटर. ती लावणे मना आहे. जप्तीसाठी जावयाला पाठवले, तर तो एका घरचा बिघडलेला टिल्लू दुरुस्त करून परत आला. मोबदल्यात त्याला जेवू घातले होते.

अशा समितीकडे टोल्यापर्यंत पाइप आणि तेथे लहान टाकी बांधण्याचे काम मंजूर होऊन आले. अटी दोन होत्या. टोल्याने लोकवर्गणी द्यावी, आणि पाणीपट्टी भरण्यास सर्व घरांनी लेखी संमती द्यावी. मार्चअखेर संमती न पोहोचल्यास निधी परत जाणार होता. एकदा परत गेलेला निधी पुन्हा आलेला मी नोकरीत पाहिला नाही.

टोल्यातील बाया नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून पाणी आणत. उन्हाळ्यात झिरा खोल जाई. एक बाई आत उतरून वाटीने गुंड भरी, बाकीच्या वर बसून वाट पाहत. गुंड म्हणजे आमच्याकडचा पितळी किंवा स्टीलचा मोठा घडा. तो वाटीने भरायला किती वेळ लागतो हे मी एकदा उभा राहून पाहिले आणि संमती मिळवण्याचे मनावर घेतले.

लोकवर्गणी श्रमाच्या रूपाने देण्याची सोय होती. पाइपासाठी नाली खणून देण्याचे टोल्याने एका सकाळीच मान्य केले. संमती मात्र अडली. आमच्या समितीत हात वर होतात, मोजले जातात, ठराव होतो. टोल्यात तसे नाही. तेथे गोटुलाच्या, म्हणजे वस्तीच्या सामाईक घराच्या, पडवीत सर्व बसतात, आणि शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत कोणाचाच हो धरला जात नाही. मी पहिल्याच बैठकीत जाहीर केले की एक सोडून सर्व अनुकूल आहेत, सबब ठराव संमत झाला. टोल्याचा गायता, म्हणजे देवाचे पाहणारा आणि बैठकीत अखेरीस बोलणारा वृद्ध, माझ्याकडे नवलाने पाहू लागला.

"एक जन नाई म्हनून राह्यली, तं झालं कसं?"

ती एक म्हणजे माझ्याच वयाची एक बाई. मुलगा आणि सून यांच्यासोबत राहणारी. बैठकीत ती पानांच्या पत्रावळी टाचत बसे आणि वर न पाहता बोले. टोल्यात सर्वांनाच तू म्हणतात; तिने मलाही म्हटले.

"बाबू, आमी पट्टी नाई भरली तं तू काय करशील?"

"नळ तोडू."

"अन् पानी नाई आलं तं आमी काय तोडाचं?"

मी नियमावली सोबत नेली होती. ती उघडून पाहिली. "तक्रार अर्ज देता येतो," मी सांगितले.

"अर्ज पेता येते का?"

पडवी हसली. गायताही हसला. मी नियमावली पिशवीत ठेवली आणि परतलो.

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा गेलो. टोल्यात पाहुणा आला की त्याच्यासमोर पाय धुण्यासाठी पाण्याचा लोटा ठेवतात. ते पाणी कोठून येते हे मी पाहिलेले होते. मी बोटे ओली करून लोटा परत करीत असे. तो पुढच्या पाहुण्यासाठी जपून ठेवला जाई. मग काळा चहा येई, पत्रावळी टाचल्या जात, आणि बाई नाही म्हणे.

घरी पत्नीचे बोलणे सुरू झाले होते. "रोजच्या रोज तिकडं जाऊन राह्यले. एखादी खोलीच बांधून घ्या ना टोल्यात."

"समितीचे काम आहे."

"लग्नाच्या वेळी माह्या बापाकडं दोनदा तरी आले होते काय हो म्हनवाले?"



दिवस कमी होत होते. मार्चअखेरीपेक्षाही मोहाची भीती मला अधिक होती. टोल्यातील लोक मोहाच्या झाडांखालचा पालापाचोळा झाडू लागले होते. एकदा फूल गळू लागले की माणसे पहाटेच जंगलात जातात आणि गोटूल ओस पडते. मग संमती घ्यायची कोणाची? पुढच्या बैठकीला मी थोडा कठोर बोललो. म्हणालो, हा निधी गेला तर तुमची सून म्हातारी होईपर्यंत झिऱ्यात उतरेल.

बाईने प्रथमच पत्रावळ खाली ठेवली. "माहीत आहे मले. म्हनूनच तं बसली आहो. चावी दे."

"कोणती चावी?"

"जावयाच्या खांद्यावर असते ते. लोखंडाची. तुमच्या गावाचं पानी चालू-बंद करते ते. ज्या दिवशी आमच्या टाकीत पानी नाई, त्या दिवशी तुमच्या गावाले बी नाई. चावी आमच्याजवळ राहीन."

"हा तर दंड झाला."

"हाव, दंडच. तुमी तोडता तं आमी बी तोडतो."

मी गायत्याकडे पाहिले. तो आढ्याकडे पाहत होता.

आमच्या समितीच्या बैठकीत या मागणीवर बराच गोंधळ झाला. "एका बाईच्या हाती साऱ्या गावाचं पानी?" असा सवाल आला. मी विचारले, तोडण्याचा अधिकार इतकी वर्षे तुमच्या हाती आहे. किती नळ तोडलेत? जावई दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला. ठराव मंजूर झाला. टोल्याच्या टाकीत पाणी न पडल्यास त्या दिवशी आमच्या गावाचा व्हॉल्व्ह बंद राहील आणि त्याची एक चावी टोल्याकडे राहील. हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत होते की हे कागदावरच राहणार. मलाही फार वेगळे वाटत नव्हते.

दुसरी चावी मी अहेरीच्या बाजारात लोहाराकडून करून घेतली. छातीपर्यंत येणारी, वर आडवी मूठ असलेली. बसमध्ये कंडक्टरने विचारले, हे काय आहे. मी सांगितले, अधिकार. त्याने सामानाचे तिकीट फाडले.

बाईने चावी हातात घेऊन तोलली. जमिनीवर आपटून पाहिली. मग म्हणाली, "हाव." गायता म्हणाला, हाव. मग साऱ्या पडवीने हाव म्हटले, एकाच वेळी, आणि सह्या-अंगठे तेथेच झाले. बहुमताने झालेले ठराव मी शेकडो पाहिले आहेत. त्या आवाजासारखे काही त्यांत नव्हते.

मोहाचा हंगाम संपताच टोल्याने नाली खणून दिली. मुरमाड जमीन होती, तरी कामाला गाण्याचा सूर होता. रस्त्याखालून पाइप घालण्यासाठी सूरजागडहून येणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग थांबवावी लागली. लाल धुळीने सर्वांचे केस एका रंगाचे झाले; माझे पांढरे होते, तेही. पावसाळ्यात काम रेंगाळले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी टोल्यातील टाकी पूर्ण झाली.

पाणी सोडण्याच्या सकाळी टोल्यात नळापुढे गुंड, बादल्या, डेगची, जे असेल ते मांडून ठेवले होते. जावयाने पंप सुरू केला. आमची उंच टाकी भरली. टोल्याकडचा व्हॉल्व्ह उघडला. तेथील नळ खोकला, थोडी हवा सोडली आणि गप्प झाला. जावई संपूर्ण पाइपलाइन चालून आला. गळती कोठे नव्हती. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. टोल्यातील बाया रिकामी भांडी उचलून पुन्हा झिऱ्याकडे गेल्या.

त्याच सकाळी बाई आमच्या गावात आली. एकटी, खांद्यावर चावी. आमच्या टाकीच्या पायथ्याशी व्हॉल्व्हचा हौद आहे, त्यावर फरशीची दोन झाकणे. ती तेथे उभी राहिली.

"बाबू, काल नाई, आज नाई. ठराव वाच."

"पाठ आहे."

"मंग बंद करतो."

चावी तिला एकटीला फिरेना. जावई पुढे झाला, थबकला, माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ठराव आहे." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. गावाचे पाणी बंद होत होते आणि बंद करणारा तो नव्हता. त्याने मनापासून जोर लावला.

पाणी बंद झाले. घराघरांतून टिल्लू कोरडे फिरू लागले. तो आवाज ओळखू येतो. मग माणसे बाहेर आली. बाईने झाकण बसवले, त्यावर मांडी घातली, चावी मांडीवर आडवी ठेवली आणि कमरेच्या पिशवीतून पाने काढून पत्रावळ टाचायला घेतली.

"काऊन वो बाई, आमचं पानी काऊन बंद केलं?"

"आमचं बी बंदच आहे. आता बरोबर झालं."

"आमच्या घरी पाव्हने आले आहेत!"

"बसव त्याईले. पत्रावळ मी देतो."

"बाबूजी, तुमी अध्यक्ष आहा, काई बोला ना!"

"मी बोललो होतो. तेव्हा तुम्ही हात वर केला होता," मी म्हणालो.

काही वेळाने माझी पत्नी रिकामा गुंड घेऊन आली. ती मला उद्देशून, परंतु सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "अध्यक्षांच्या घरची डाळ अर्धी शिजून आहे." मग बाईकडे वळली. "चाय घेता काय, बाई?"

"पानी कुठी आहे चायले?"

"माठात आहे. मी काल भरून ठेवलं. मले माहीत होतं तुमी येसान म्हनून."

दोघी हौदावर बसून चहा प्यायल्या. मला मिळाला नाही. त्या माझ्याविषयी बोलत होत्या, असे मला वाटले. मी टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. मोबाइलला रेंज तेवढ्याच जागी मिळते.

दुपारच्या सुमारास फोन वाजला. टोल्याबाहेर एक खडक आहे, त्यावर चढले की फोन लागतो. तेथून गायता बोलत होता. ओरडतच होता.

"बाबू, टाकी भरली! वाहून राह्यली! बंद कशी कराची सांग!"

मग समजले. आमच्या गावाचे टिल्लू पाणी ओढून घेत होते, म्हणून टोल्याकडे काही उरत नव्हते. टोल्याकडचा व्हॉल्व्ह उघडाच होता; आमचा बंद होताच टाकीतील सर्व पाणी खाली टोल्याकडे निघाले. बाईने दंड म्हणून मागितलेले, आम्ही दंड म्हणून दिलेले ते कलम, हाच उपाय होता. तो ना तिला ठाऊक होता, ना आम्हाला. आणि सारा टोला ओला होत असताना ती येथे आमच्या कोरडेपणावर पहारा देत बसली होती.

मी जाऊन सांगितले. "तुमच्या टाकीत पाणी पडले."

"खोटं."

"गायत्याचा फोन होता."

"चावी पाह्यजे म्हनून सांगून राह्यला."

"मी खोटे बोलत नाही."

"सरकारी मानूस होता ना तू?"

गर्दी हसली. माझी पत्नी सर्वांत जास्त हसली. मी म्हणालो, चला, स्वतः पाहा. ती उठायला तयार नव्हती. ती गेली की मागे व्हॉल्व्ह उघडतील, असे तिचे म्हणणे. तेव्हा पत्नी सरकून हौदाच्या मधोमध बसली. "मी बसतो. पाहू कोन उघडते तं." आमच्या गावात या वाक्यावर कोणी वाद घालत नाही. बाईने चावी खांद्यावर घेतली आणि निघाली.

रस्त्यावर ट्रकांची रांग होती. तिने चावी आडवी धरली; ट्रक थांबला. मी तिच्या मागून ओलांडला. पुढे सागाच्या वाळक्या पानांतून वाट जाते. पाने मोठी असतात, पायाखाली फार वाजतात. ती भराभर चालत होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली व मान तिरपी करून ऐकू लागली. मलाही ऐकू आले. बायांचा कालवा, आणि त्यावर उंच स्वरात, "येर वाता! येर वाता!" पाणी आले, पाणी आले. त्यानंतर ती धावली. तिच्या वयाच्या माणसाने धावू नये. मीही थोडे धावलो.

टाकी चहूबाजूंनी वाहत होती. नळ सोडून सगळे ते पाणी अंगावर घेत होते. गुंड भरले होते, बादल्या भरल्या होत्या, डेगची, तवे, अगदी पत्रावळीचे द्रोणसुद्धा भरून ओळीने ठेवले होते. तिची सून टाकीखाली नखशिखांत भिजून उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हते. खडकावरचा गायता अजून फोन कानाला लावून होता.

बाईने चावी भिंतीला टेकवली. ओंजळ भरली, थोडे पाणी जमिनीवर सोडले, डोळे मिटून काही पुटपुटली. मग प्यायली.

"कसे आहे?" मी विचारले.

"लोखंडाचं लागते," ती म्हणाली, आणि पुन्हा ओंजळ भरली. मग पुन्हा.

मग तिने माझ्याकडे पाहिले. सुनेजवळचा भरलेला गुंड उचलला, जवळ आली आणि तो सबंध गुंड माझ्या पायांवर रिकामा केला. चपलांसकट. धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. सारा टोला पाहत होता. मी नेहमीच्या सवयीने बोटे ओली करण्यासाठी वाकलो होतो. त्याची गरज राहिली नव्हती.

"आता पाव्हना आला," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. तिने दुसरा गुंड आणला.

तेव्हापासून सकाळी आधी टोल्याची टाकी भरते, नंतर आमचा व्हॉल्व्ह उघडतो. चावी गोटुलाच्या खांबाला टांगलेली असते. पाणीपट्टी आता वेळेवर येते, दोन्हीकडून. जावई थकबाकीदाराच्या दारात उभा राहून फक्त विचारतो, "टोल्यातल्या बाईले बोलावू का?" त्याला जेवण अजून मिळते. वसुलीचा हा प्रकार नियमावलीत बसत नाही, तरी मी आक्षेप घेतलेला नाही.

त्या दिवशी व्हॉल्व्ह उघडायचे बाईला सायंकाळपर्यंत आठवले नाही. मी आठवण करून दिली नाही. परत आलो तेव्हा पत्नी अजून हौदावर बसलेली होती आणि गावातील चार बाया तिच्याभोवती. आमची डाळ अर्धीच शिजलेली होती.

"कितीक वेळ बसवलं मले!" ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या धोतराकडे आणि चपलांकडे गेली. "हे काय करून आले?"

"पाय धुतले," मी सांगितले.